अडीच बाय साडेतीनचा पसारा

भिंतभर चित्र रंगवणाऱ्याला काय लागतं? एक भिंत, रंगाचे चार डबे, एक शिडी आणि शिडी धरायला शांत स्वभावाचा एक माणूस. काम संपलं की शिडी मालकाकडे, डबे भंगारात आणि माणूस आपल्या घरी. आता पत्त्याच्या पानाएवढं चित्र करायला घ्या. त्याला लागतात जुन्या लग्नपत्रिका, काड्यापेट्यांची वेष्टनं, बंद पडलेल्या घड्याळांची आतडी, ब्लाउजांचे हुक, फुटक्या बांगड्या, गोळ्या संपलेल्या औषधांच्या पट्ट्या, विरलेल्या साड्यांचे काठ, पेनांच्या स्प्रिंगा आणि हे सगळं ठेवायला खोकी. चित्र जितकं लहान, तितका पसारा मोठा. हा नियम कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण डोंबिवलीला माझ्या आत्याच्या वन बीएचकेमध्ये तो रोज सिद्ध होतो.

आत्या बँकेत कॅशियर होती. निवृत्तीनंतर तिच्या बरोबरीच्या कुणी चारधामला गेल्या, कुणी भजनी मंडळात गेल्या, कुणी नातवंडं सांभाळायला अमेरिकेला गेल्या. ‘तुझी आत्या कचऱ्यात गेली,’ असं काका सांगतात. ती जे करते त्याला ती कोलाज म्हणते, काका चिकटकाम म्हणतात. ब्रश नाही, रंग नाही. कात्री, कटर, चिमटा, भिंग आणि डिंक. मोतीबिंदू काढल्यापासून तिला इतकं बारीक दिसायला लागलंय की चित्रांची प्रगती झाली आणि धुणंभांडीवाल्या बाईंची पंचाईत.

हल्लीच तिनं पुरं केलेलं एक कार्ड घ्या. विषय : डोंबिवली स्टेशन, सकाळची फास्ट लोकल. प्लॅटफॉर्म म्हणजे खाकी पाकिटाचा तुकडा. खिडक्यांचे गज म्हणजे तुटक्या कंगव्याचे दात. सूर्य म्हणजे मनगटी घड्याळातलं दातेरी चक्र. आठ-अठ्ठावन्न चुकली की हाच सूर्य चावतो. आणि गर्दी? काड्यापेटीतल्या काड्यांची गुलं, एकमेकांना खेटून उभी. मी घाबरून म्हटलं, “आत्या, पेट घेतील ना!”

“या सेफ्टी काड्या,” ती म्हणाली. “तांबडा फॉस्फरस गुलात नसतो, पेटीच्या कडेला असतो. ही नुसती एकमेकांवर घासून भडकत नाहीत.” मग भिंगातून एकदा बघून म्हणाली, “तेवढ्यापुरतं चित्र खोटं आहे.”

एवढंसं चित्र आणि एवढा पसारा का, याचं उत्तरही तिनंच दिलं. भिंतीवरचा निळा दोन छटा इकडेतिकडे झाला तरी बघणारा वीस फुटांवर उभा असतो. त्याला आकाशच दिसतं. इथे बघणाऱ्याचं नाक चित्राला टेकलेलं. आकाश नखाएवढं, पण ते अमुकच निळं लागतं. साबणाच्या वेष्टनाचा निळा चकचकीत, दुधाच्या पिशवीचा निळा आगाऊ, इनलँड लेटरचा निळा बरोबर. म्हणून इनलँड लेटरं ठेवायची. पण उद्या पावसाळी आकाश लागलं तर? म्हणून जुन्या छत्रीचं कापड ठेवायचं. कापड ठेवलं, तर काड्यांनी काय पाप केलंय? नखाएवढ्या आकाशापायी कपाटाचे दोन खण जातात ते असे. जमीन आणि समुद्र यांचा हिशेब वेगळा.

माल कुठून येतो, हे स्वतंत्र शास्त्र आहे. रेल्वेची जुनी पुठ्ठ्याची तिकिटं आत्याच्या लेखी पहिल्या दर्जाची, मग प्रवास कितव्याही दर्जाचा असो. थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरानं १८३०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली आणि जगभरच्या रेल्वेंनी उचलली. लांबी जेमतेम सव्वादोन इंच. म्हणजे आत्याच्या अडीच इंची कार्डावर आडवं ठेवलं तर दोन्ही बाजूंना समास सोडून चपखल बसतं. ‘इंग्रजांना माझं माप ठाऊक होतं,’ असं ती म्हणते. आताचं मशिनमधून सर्रकन येणारं तिकीट मात्र तिच्या मनातून उतरलंय. तो कागद उष्णतेनं छापला जातो, त्यामुळे शाई अशी नसतेच. उन्हात राहिला की अक्षरं विरतात, तापला की काळा पडतो. ‘चित्र टिकायचं आणि प्रवासच झाला नाही असं दिसायचं,’ हा तिचा आक्षेप.

लग्नपत्रिका हा तर राजेशाही माल. जाड पुठ्ठा, सोनेरी वेल, मखमलीचा भास देणारा लाल कागद. लग्नसराईत लोक आहेराची तयारी करतात, आत्या कटरचं पातं बदलते. पण इथे एक धार्मिक पेच आहे. प्रत्येक पत्रिकेवर गणपती असतो. देवाला कात्री लावायची नाही, टाकून द्यायचं नाही आणि कोपऱ्यात कुठे तरी चिकटवायचंही नाही, असे तिचे तीन नियम. त्यामुळे पत्रिकेतला बाकी सगळा ऐवज चित्रात जातो आणि गणपती तेवढा हळुवार सोडवून एका डब्यात ठेवला जातो. डबा भरला, दुसरा काढला. पानावरचे, मोदकावरचे, नुसत्या तीन रेघांत उरकलेले, लॅपटॉपवर बसलेलेही. काका दर भाद्रपदात आशेनं विचारतात, “यांचं विसर्जन यंदा आहे का?” आत्याचं उत्तर ठरलेलं : “आपले कायमचे असतात.”

माणसांच्या बाबतीतही नियम आहेत. श्रद्धांजलीच्या जाहिरातीतला चेहरा कापायचा नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांतल्या नेत्याचा चेहरा कापला तरी चालतो, पण वापरता येत नाही, कारण तो इतका हसत असतो की शेजारी दुसरं काही ठेवता येत नाही. हात मात्र उपयोगी. निवडणुकीच्या हंगामात वर्तमानपत्रांतून जोडलेल्या हातांचं पीक इतकं येतं की आत्याकडे नमस्कारांचं वेगळं पाकीट आहे. मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून आवक थांबते.

प्रत्यक्ष चित्र करायला बसली की घरात संचारबंदी. पंखा बंद. मे महिन्यातली डोंबिवली आणि पंखा बंद! कारण तीन तासांत कोरलेलं सोनेरी पान पंख्याच्या एका फेऱ्यात देवघराच्या मागे जातं, आणि देवघराच्या मागे गेलेली वस्तू दिवाळीशिवाय परत येत नाही. दार जोरात उघडायचं नाही. शिंकायचं असेल त्यानं गॅलरीत जाऊन शिंकायचं. पाहुणे घामानं निथळत सोफ्यावर बसतात आणि चहा निमूटपणे गरमच पितात, कारण फुंकर मारायला बंदी. सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये लाइट गेले की आनंद होणारी बाई एकच. तिचं सर्वोत्तम काम भारनियमनाच्या काळातलं आहे.

मग डिंक. कागद ओला झाला की फुगतो, आणि सगळीकडून सारखा फुगत नाही. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे धागे बहुतेक एकाच दिशेनं पडतात. ओलाव्यानं तो त्या धाग्यांच्या आडव्या बाजूला जास्त पसरतो आणि वाळताना आक्रसून खालच्या पुठ्ठ्याला वाकवतो. पुठ्ठा सरळ राहावा म्हणून मागच्या बाजूलाही तसाच कागद चिकटवायचा आणि वर वजन ठेवायचं. वजनासाठी आत्याकडे पाटा होता. तो सुनेनं मिक्सर आल्यावर देऊन टाकला. आता काकांच्या इन्कम टॅक्सच्या फायली ठेवल्या जातात. ‘एवढ्या वर्षांत त्यांचा झालेला पहिला उपयोग,’ असं आत्याचं मत.

त्या फायलींबद्दल सांगायला हवं, नाही तर काकांना एकतर्फी सहानुभूती मिळेल. काकांनी आजवर एकही लाइट बिल टाकलेलं नाही. सगळी वर्षवार लावून, दोऱ्यानं बांधून, कॉटखाली. शिवाय विकून टाकलेल्या स्कूटरचा विमा, मोडीत काढलेल्या फ्रिजचं गॅरंटी कार्ड आणि वारलेल्या डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शनं. पण काकांच्या कागदांना फाइल आहे, म्हणून तो रेकॉर्ड. आत्याचे कागद खोक्यात आहेत, म्हणून तो कचरा. मध्यमवर्गात वस्तूची प्रतिष्ठा ती कशात ठेवली यावर ठरते.

चिकटवायला आत्या पूर्वी गव्हाच्या पिठाची खळ करायची. खळीवर तिची श्रद्धा आहे, पण कसरीचीही आहे. कागदाला लावलेली खळ म्हणजे कसरीला पंगत. म्हणून जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे. मोरचूद विषारी, त्यामुळे कसर लांब राहते. हे आत्यानं मोठ्या उत्साहानं सांगितल्यापासून काका कणकेचा डबा उघडण्यापूर्वी त्याचा वास घेतात. शेवटी घरच्या शांततेसाठी आत्या बाजारच्या पांढऱ्या डिंकावर आली.

या युद्धात आत्याच्या बाजूनं परदेशी साक्षीदार बरेच आहेत. पहिला पिकासो. १९१२ साली त्यानं वेताच्या विणीचं चित्र छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि भोवती चौकट म्हणून चक्क दोर गुंडाळला. काका म्हणाले, “दोर तर आपल्याकडेही आहे.” त्यांचा हेतू काय होता, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या मेरी डेलनी. या बाईंचा जन्म १७००चा. बहात्तरीच्या आसपास असताना त्यांना टेबलावर गळून पडलेली फुलाची पाकळी आणि शेजारच्या रंगीत कागदाचा रंग एकच दिसला. त्यांनी कात्री घेतली, आणि पुढच्या दहा वर्षांत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलांची जवळपास हजार चित्रं केली. एकेका फुलाला शेकडो तुकडे. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काकांनी कुतूहलानं विचारलं, “बहात्तरीपर्यंत काय करत होत्या मग?” आत्या म्हणाली, “संसार. यजमान गेल्यावर सवड मिळाली. दुसरे यजमान.” काकांनी त्या दिवशी रक्तदाबाची गोळी न सांगता घेतली.

तिसरा साक्षीदार कुर्त श्विटर्स, हानोव्हरचा जर्मन. पहिल्या महायुद्धानंतर सगळं मोडून पडलंच आहे तर तुकड्यांतूनच उभं करू, म्हणून हा रस्त्यावरची ट्रामची तिकिटं, वेष्टनं, तारा, बटणं, जे दिसेल ते उचलून चित्रात चिकटवायचा. पुढे चित्रं पुरेनात, म्हणून त्यानं राहत्या घरातच रचना करायला घेतली आणि ती खोल्याखोल्यांतून वाढत गेली. तिच्या कोनाड्यांत तो मित्रांच्या वस्तू ठेवायचा : कुणाची पेन्सिल, कुणाच्या बुटाची नाडी, कुणाच्या केसांची बट. हान्स रिश्टर या मित्रानं हे लिहून ठेवलंय. १९४३च्या हवाई हल्ल्यात ते घर गेलं. तोवर श्विटर्स इंग्लंडात पोचला होता. १९४० मध्ये इंग्रजांनी त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत ठेवलं. तिथं सामान मिळेना, तेव्हा गड्यानं नाश्त्याच्या उरलेल्या लापशीचे पुतळे केले. त्यांना बुरशी आली, वास सुटला, पण कलाकार खूश. हे ऐकल्यापासून काका ताटात उपमा ठेवत नाहीत. पूर्वी त्यांना आग्रह करावा लागे.

परदेशी दाखले फार झाले, असं वाटलं की आत्या पुण्याला येते. दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. पण गोळा काय केलं, तर अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलपं, गंजिफा. लोकांच्या माळ्यावरची अडगळ. आज त्याचं राजा केळकर संग्रहालय आहे आणि आपण तिकीट काढून ती अडगळ बघतो. “तेव्हा केळकरांच्या घरीही कुणी तरी म्हणालं असेलच,” आत्या म्हणते, “अहो, आणखी एक अडकित्ता कशाला?”

आता कॉम्प्लेक्समध्ये तिची ख्याती झाली आहे आणि ख्यातीचा त्रास असा की लोक कचरा आणून देतात. तोही मोठ्या मनानं. “काकू, टाकणारच होते, म्हटलं तुमच्या कामाचं असेल.” मिक्सरच्या भांड्याचं झाकण, रिमोटचं मागचं दार, टेडीचा डोळा. नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी घड्याळ येणार नाही. शिवाय आणून देणारीला नंतर आपली वस्तू चित्रात दिसली पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कार्ड उलटसुलट करून विचारतात, “माझं झाकण कुठाय?” कलेचा इतका चौकस रसिक पॅरिसमध्ये मिळणं कठीण.

रद्दीवाल्याशी तिचे संबंध गुंतागुंतीचे आहेत. किलोनं रद्दी विकायची आणि पंधरा मिनिटांनी धावत खाली जाऊन त्यातलं एकच मासिक परत मागायचं. तो बिचारा तराजू हातात घेऊन विचारतो, “ताई, एवढ्या पानाचं काय वजन करू?” हल्ली तो तिच्याकडे आधी खरेदी करत नाही, जिन्यात थोडा वेळ थांबतो.

सगळ्यात मजेशीर गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी मुलांच्या आया. शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ असतं. सोमवारी वस्तू द्यायची, रविवारी रात्री आठवतं. मग स्टेशनरीच्या दुकानातून आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचं पाकीट येतं. जिला आयुष्यात कुणी चाटलेलं नाही अशी काडी टाकाऊ कशी, हा प्रश्न शाळेला पडत नाही. याहून पुढची पायरी ऑनलाइन मिळते : जुन्या कागदांचं नवं पाकीट. पिवळट छापलेली पत्रं, मुद्दाम झिजवलेली तिकिटं, आयुष्यात टपालपेटी न पाहिलेले टपालाचे शिक्के, वर चहाचा डाग, तोही छापील. भाच्यानं वाढदिवसाला एक पाकीट दिलं तेव्हा आत्यानं ते दोन बोटांत धरलं. “अरे, डाग पडायला आधी कुणी तरी चहा पीत पत्र वाचावं लागतं.” पाकिटावरचा छान क्राफ्ट कागद मात्र तिनं ठेवून घेतला. भाचा म्हणजे मीच.

चित्र बघणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. हातानं केलंय? डोळे दुखत नाहीत? आणि शेवटी, आवाज खाली आणून : विकता का? आत्या विकत नाही. याला कारण झुरिकचं आहे. तिथं १९९७ साली एम. व्हँची श्टिर्नेमान या कलाकारानं आपल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वतः केलेली बाराशे छोटी कार्डं मांडली आणि लोकांना सांगितलं, तुम्हीही करा. शेवटच्या दिवशी तुमचं द्या, माझं न्या. माप एकच, अडीच बाय साडेतीन इंच, आणि नियम एकच, कार्ड विकायचं नाही, बदली करायचं. हा पंथ आता जगभर पसरलाय. शेजारणीची वाटी रिकामी परत न करणाऱ्या आमच्या आत्याला हा व्यवहार पहिल्या फटक्यात कळला. तिनं कॉम्प्लेक्समधल्या सहा-सात जणींचं मंडळ केलं. महिन्यातून एकदा कार्डांची अदलाबदल, भिशीच्याच दिवशी, म्हणजे खायला एकदाच करावं लागतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेल्या बाईला जिथे मोजायचंच नाही असा व्यवहार आवडावा, हे साहजिक आहे. काका कुरकुरतात ते एवढ्यावरच की प्रत्येक आलेलं कार्ड पाकिटात येतं आणि पाकीटही ठेवलं जातं.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा पुढचा साक्षीदार तपासला जात होता. जोसेफ कॉर्नेल, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा. लग्न केलं नाही, आयुष्यातली बहुतेक वर्षं आई आणि आजारी भावाबरोबर एका साध्या घरात राहिला, पत्ता मात्र यूटोपिया पार्कवे. जुन्या दुकानांतून नकाशे, बाहुल्या, चिनी मातीचे पाइप, शिंपले, पक्ष्यांची चित्रं आणायची आणि लाकडी पेटीत मांडून वर काच लावायची. बाकीचा माल तळघरात, खोक्यांवर चिठ्ठ्या लावून. चिठ्ठ्यांचं ऐकून काका जरा नरमले. चिठ्ठी म्हणजे अर्धी फाइलच. १९७२ साली, वारण्यापूर्वी काही महिने, त्याचं एक प्रदर्शन खास मुलांसाठी भरलं. पेट्या मुलांच्या उंचीला लावल्या होत्या आणि खायला केक होता.

“आणि खरी गंमत पुढेच आहे,” आत्या भिंग खाली ठेवून म्हणाली. “त्याच्या पेट्या तर संग्रहालयांनी घेतल्याच. पण मागे उरलेला पसारा त्याच्या बहिणीनं दिला आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियननं तोही घेतला. खोक्यांसकट. १९७८ मध्ये त्याचं अभ्यास केंद्र केलं. लोक तिथं येऊन खोकी अभ्यासतात. ऐकलंत का?”

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. इतक्या वर्षांत कोलाजविषयी त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आस्था पाहिली.

“सगळी नेली?”

“सगळी.”

“आपल्याकडे कधी येतात?”

“माणूस गेल्यावर नेतात ते.”

काकांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीतली खोकी, टीव्हीमागची खोकी, गणपतींचे डबे, नमस्कारांचं पाकीट. मग वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं आणि त्याच्या आडून म्हणाले, “मग असू दे इथंच. एवढी काही अडचण होत नाही.”

कॅशियर बाई, आलेली रक्कम लगेच जमा करून घेणार. “होत नाही ना? मग कॉटखालच्या फायली जरा सरकवा, मला एक खण कमी पडतोय. आणि सरकवताच आहात तर ती जुनी लाइट बिलं वर काढून ठेवा. त्यांचा गुलाबी रंग आता मिळत नाही.”